पणजीत शनिवार-रविवार, खिशाला झेपेल असा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षभर फोन येतात आणि त्यांतल्या निम्म्यांचा सूर एकच असतो : "शुक्रवारी रात्री निघतोय, रविवारी परत. स्वस्तात काय काय होईल?" सावंतवाडी, कोल्हापूर, पुणे, डोंबिवली इथल्या नातेवाइकांनी, त्यांच्या मित्रांनी आणि त्या मित्रांच्या ऑफिसमधल्या मंडळींनी जे पुनःपुन्हा विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. दर अंदाजाने दिले आहेत. नाताळ ते नवीन वर्ष या काळात ते लागू नाहीत. त्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

१. दोन दिवसांत गोवा बघून होतो का?

नाही. पण पणजी, जुनं गोवं, एखादं बेट आणि एक समुद्रकिनारा एवढं निवांत होतं. उत्तरेचं हरमल आणि दक्षिणेचं पाळोळे एकाच शनिवार-रविवारात कोंबायला गेलात तर गाडीच्या खिडकीतून नारळाची झाडं तेवढी दिसतील आणि टॅक्सीचं बिल येईल. स्वस्त सहलीची पहिली अट म्हणजे कमी फिरणं. मुक्काम एका जागी ठेवा आणि तिथून बसने किंवा फेरीबोटीने तास-दीड तासात पोचता येईल तेवढंच यादीत ठेवा.

२. दोघांना साधारण किती खर्च येईल?

मुंबईहून शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आलात आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने परतलात तर एकच रात्र मुक्काम पडतो. स्लीपरची जाऊन-येऊन चार तिकिटं सतराशेच्या आसपास, साधी स्वच्छ खोली दीड हजार, दोन दिवसांचं खाणं दोन हजार, बस आणि पायलट (मोटारसायकल टॅक्सी, प्रश्न १०) पाचशे, किरकोळ तीनशे. म्हणजे दोघांचे मिळून सहा हजार. स्कूटर घेतलीत तर त्यात दिवसाचे तीनशे ते पाचशे आणि पेट्रोल वाढेल. एसी खोली घेतली की हिशेब लगेच हजाराने वर जातो.

या हिशेबात दारू, कॅसिनो आणि वॉटर स्पोर्ट्स नाहीत. बजेट कोसळतं ते या तीन गोष्टींनी. जेवणाखाण्याने फारसा फरक पडत नाही.

३. राहायचं कुठे? किनाऱ्यावर की पणजीत?

पणजीत. कळंगूट-बागा भागात खोली कधीकधी पणजीपेक्षा स्वस्तही मिळते, पण संध्याकाळनंतर तिथून कुठेही जायचं तर टॅक्सीशिवाय पर्याय उरत नाही, आणि खोलीत वाचवलेले पैसे तिथेच जातात. पणजीत बसस्टँड, बाजार, फेरीबोटीचा धक्का आणि खाण्याची ठिकाणं सगळं चालत्या अंतरावर आहे. स्टँडच्या आसपास आणि बाजारभागात जुनी लॉजेस आहेत. मिरामारला यूथ हॉस्टेल आहे आणि गोवा पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. फोंताइन्हासमधली जुन्या पोर्तुगीज घरांतली गेस्ट हाउसेस सुंदर असतात, मात्र भाडं ऐकून मग ठरवा.

फक्त समुद्रात डुंबायलाच यायचं असेल तर पणजीचा हट्ट सोडा आणि मडगावला उतरून कोलवा किंवा बाणावलीला राहा. मडगाव-कोलवा बस सतत असते आणि तो किनारा उत्तरेपेक्षा मोकळा आहे.

४. देवळाच्या अग्रशाळेत खोली मिळते म्हणतात. खरं का?

मिळते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशा फोंडा तालुक्यातल्या मोठ्या देवस्थानांना अग्रशाळा आहेत. खोल्या साध्या, भाडं माफक आणि परिसर असा की सकाळी चौघड्यानेच जाग यावी. मात्र ही हॉटेलं नव्हेत. कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत आहे ती कुटुंबं) आणि सेवेसाठी आलेले भाविक यांना आधी जागा दिली जाते. जत्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. देवस्थानाच्या कचेरीत आधी फोन करून, किती माणसं येणार ते सांगून खोली ठरवा. मद्य आणि सामिष तिथे अर्थातच नाही.

आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांना ही सोय फार मानवते. तरुण मंडळींना मानवत नाही, कारण रात्री पणजीहून परतायला बस नसते (प्रश्न ७).

५. रेल्वेने येताना कुठे उतरायचं? पणजी स्टेशन तिकिटात सापडतच नाही.

सापडणार नाही, कारण पणजीला रेल्वे नाही. कोकण रेल्वेवर उत्तरेकडून पेडणे, थिवी, करमळी आणि मग मडगाव ही स्टेशनं लागतात. पणजीला सर्वांत जवळचं करमळी, दहा-बारा किलोमीटर. थिवीहून म्हापशाची बस आणि म्हापशाहून पणजीची बस असा दोन टप्प्यांचा पण भरवशाचा प्रवास आहे. मडगाव तेहतीस किलोमीटर दूर असलं तरी तिथून पणजीला थेट बस मिळते, त्यामुळे करमळीचं तिकीट नसेल तर घाबरू नका.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या सोयीची. ती शनिवारी सकाळी पोचवते आणि परतीला संध्याकाळी निघते. मांडवी एक्सप्रेस दिवसा धावते. कोकण बघायला तिच्यासारखी गाडी नाही, पण दोन दिवसांच्या सहलीतला एक अख्खा दिवस ती खाते. पुणे, मिरजेकडून गोवा एक्सप्रेस आहे. ती बेळगाव, लोंढामार्गे मडगाव आणि वास्कोला जाते, करमळीला नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. लांब सुट्टीचा शनिवार-रविवार असेल तर ते उघडतं त्याच दिवशी सकाळी तिकीट काढा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वेळा बदलतात. परतीची वेळ तिकिटावर पाहा, मागच्या खेपेच्या आठवणीवर विसंबू नका.

६. कोल्हापूर, सावंतवाडी किंवा बेळगावहून? आणि विमानाचं स्वस्त तिकीट मिळालं तर?

या तिन्ही गावांहून एसटी किंवा कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, थेट पणजी बस आहे आणि ती पणजीच्या मुख्य स्टँडवरच सोडते. रेल्वेपेक्षा हे सोपं. पावसाळ्यात आंबोली आणि चोर्ला घाटात धुकं आणि दरडी, त्यामुळे एक-दोन तास जास्तीचे धरून चला.

विमानाचं तिकीट काढताना विमानतळ नीट वाचा. दाबोळी वास्कोजवळ आहे आणि २०२३ पासून सुरू झालेला मोपा पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. दोन्हीकडून कदंबच्या इलेक्ट्रिक बस आहेत. मोपाहून टॅक्सीने पणजीला आलात तर विमानाचं स्वस्त तिकीट स्वस्त राहत नाही.

७. गोव्यात बसने फिरता येतं? सगळे म्हणतात, गाडी लागतेच.

फिरता येतं. आम्ही रोज फिरतो. कदंबच्या बस आणि खासगी बस अशा दोन जाती आहेत, आणि फरक कळला की अर्धं काम झालं.

पणजीहून मडगाव, वास्को अशा मोठ्या ठिकाणी कदंबच्या शटल आहेत. स्टँडवर खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, बस लागली की जागेवर बसायचं. उभं राहून कोणाला घेत नाहीत आणि मध्ये कुठे थांबत नाहीत. रांग दाराबाहेर गेलेली दिसली तरी निघून जाऊ नका, मागोमाग दुसरी बस लागते. सोमवारी सकाळी मात्र ही रांग नोकरदारांची असते, तेव्हा सोमवारी परतणाऱ्यांनी तासभर हाताशी ठेवावा.

खासगी बस छोट्या असतात, दर दोनशे मीटरवर थांबतात आणि आत कोकणी गाणी लागलेली असतात. बस भरली की कंडक्टर "फाटीं वच, फाटीं वच" म्हणत राहतो, म्हणजे मागे सरका. मागे जागा आहे की नाही हा मुद्दा त्याच्या दृष्टीने गौण. तिकीट बहुतेकदा मिळत नाही, पैसे तेवढे द्यायचे. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. पाचशेची नोट पुढे केलीत तर सगळी बस तुमच्याकडे बघेल. जुनं गोवं, म्हापसा, कळंगूट, फोंडा, दोना पावल सगळीकडे या बस जातात आणि जवळच्या प्रवासाला वीस-तीस रुपये पुरतात.

दोन अडचणी खऱ्या आहेत. एक, रात्री आठनंतर बस विरळ होतात आणि आडमार्गावर तर संपतात. दुसरी, रविवारी खासगी बस कमी धावतात. म्हणून लांबचं शनिवारी आणि जवळचं रविवारी ठेवा.

८. फेरीबोटीचं काय? ते पर्यटकांसाठी असतं की गावकऱ्यांसाठी?

गावकऱ्यांसाठी, आणि म्हणूनच चालत जाणाऱ्याला फुकट. गोव्यातली सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगली सैर हीच.

पणजीच्या धक्क्यावरून बेतीला फेरीबोट जाते. मांडवी ओलांडायला पाच-सात मिनिटं. बोट काठाला टेकली की साखळदंडावरची लोखंडी फळी खाली येते, ती पुरती टेकायच्या आधीच स्कूटरवाले गाड्या सुरू करून तयार असतात, आणि त्यांची लाट उतरून गेल्यावर पायी माणसं. तुम्ही कडेला कठड्याजवळ उभे राहा. संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलात तर एका बाजूला पणजीचे दिवे, दुसऱ्या बाजूला बेतीची मच्छीमार बोटींची गर्दी आणि पलीकडे मांडवीचे पूल. नदीवरच्या पैसे देऊन करायच्या क्रूझमध्ये याहून जास्त असतं ते मोठ्या आवाजातलं संगीत.

बेतीहून रेइश मागुश किल्ला अडीच-तीन किलोमीटर आहे. चालत जाता येतं किंवा वेरेंकडे जाणारी बस धरता येते. किल्ला लहान, नीट जपलेला, कधीकाळी तुरुंग म्हणून वापरलेला. आत मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन आहे. तटावरून समोर सगळी पणजी दिसते. तिकीट थोडकं आहे, पण सोमवारी बंद.

रायबंदर ते चोडण आणि जुनं गोवं ते दिवाडी या फेऱ्याही अशाच. चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतलं. दिवाडीबद्दल प्रश्न ११ मध्ये.

९. स्कूटर भाड्याने घ्यावी का? पोलिस फार पकडतात म्हणे.

घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली घ्या. ती परवानाधारक भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी शंभर रुपये कमी करून देऊ केली तर नको म्हणा. ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि नाक्यावर अडवल्यावर दंड तुमच्या गळ्यात पडतो. लायसन मूळ किंवा डिजिलॉकरमध्ये असू द्या, हेल्मेट दोघांनीही घाला, आणि घेण्याआधी गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मालकाच्या देखत.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाचं ॲप तुम्हाला तिथे चढवायला बघेल. जुन्या दोन पुलांवरून जा.

दोन्ही दिवस स्कूटरची गरज नसते. शनिवारी पणजी पायी होते. रविवारी बेटांवर जाणार असाल तर त्या एका दिवसापुरती घ्या.

१०. टॅक्सी एवढी महाग का? ओला-उबर दिसत नाही.

दिसणार नाही, गोव्यात ती नाहीत. ॲपवरची गोवा माइल्स आहे, आणि बाकी स्टँडवरचे टॅक्सीवाले. स्टँडवर मीटरपेक्षा बोलणंच चालतं, तेव्हा बसण्याआधी रक्कम ठरवा. एकट्याने जवळ जायचं असेल तर पायलट बघा : मोटारसायकलवरून नेणारे, गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा. हे परवानाधारक आहेत आणि गल्लीबोळ त्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्याकडेही भाडं आधी विचारायचं.

११. शनिवारी काय आणि रविवारी काय, सरळ सांगा ना.

सरळ सांगतो, पण बदल करायला मोकळे आहात.

शनिवारी सकाळी बॅग खोलीवर टाका आणि भाजी-पाव खाऊन (प्रश्न १४) बाजारातून सुरुवात करा. मासळीबाजार सकाळीच बघण्यासारखा. तिथून चर्च चौक. पायऱ्यांवर फोटो सगळेच काढतात. वर बघा, तिथली घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली आहे. उद्या त्या मठाचे अवशेष बघाल तेव्हा ती आठवा. जवळच महालक्ष्मीचं देऊळ, १८१८ सालचं. नदीकाठी जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, आणि शेजारी आबे फारियांचा पुतळा. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा धर्मगुरू संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. एका बाईवर हात रोखून उभा असलेला पुतळा बघून मुलं हमखास विचारतात की काका तिला मारतायत का. उत्तर तयार ठेवा.

मग फोंताइन्हास आणि मळा. पिवळी, निळी, शेंदरी घरं, शिंपल्यांच्या काचांच्या खिडक्या. ही माणसांची राहती घरं आहेत. कोणाच्या पायरीवर बसून, दाराला टेकून फोटो काढू नका, मोठ्याने बोलू नका. इथले रहिवासी फोटोवाल्यांना खरंच कंटाळलेत. दुपारी एक ते चार पणजी झोपते, बरीच दुकानं बंद असतात, तुम्हीही झोपा. चारनंतर कांपालच्या झाडीतून कला अकादमीपर्यंत चालत जा. चार्ल्स कोरियांनी घडवलेली वास्तू आहे आणि नशिबाने मराठी नाटक लागलेलं असलं तर तिकीट मुंबईपेक्षा स्वस्त पडतं. सूर्यास्त मिरामारला किंवा बेतीच्या फेरीबोटीत.

रविवारी जुनं गोवं, पणजीहून दहा किलोमीटर. बाँ जेझूसच्या बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. रविवारी सकाळी तिथे मिस्सा चालतात, त्यामुळे साडेदहानंतर जा. प्रवेश फुकट, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. समोर से कॅथेड्रल. मग टेकाडावर सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा. एकेकाळी ४६ मीटर उंच होता. १८४२ साली चर्चचं छत कोसळलं आणि पुढे मनोराही टप्प्याटप्प्याने ढासळला. जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच अवशेषांत सापडल्या. गर्दी बॅसिलिकात असते, इथे शांतता.

इथवर सगळे येतात आणि परत फिरतात. तुम्ही व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली नदीवर जा आणि दिवाडीची फेरीबोट धरा. बेटावर शेतं, खाजणं, टेकडीवर पिएदादचं चर्च. स्कूटर असेल तर बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्याला उतरा. तिथे सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मूळ दिवाडीवरचं. ते देऊळ पाडलं गेलं, लिंग पाण्यापलीकडे नार्व्यात नेलं गेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. अलीकडे, २०२३ साली, त्याचं नव्याने जतन झालं आहे. महाराष्ट्रातून येणारी दहातली नऊ माणसं या देवळाला न जाता कळंगूटला जातात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

१२. आई-बाबा बरोबर आहेत. त्यांना किनाऱ्यात रस नाही, देवळं हवीत.

मग रविवार फोंड्याला द्या. पणजीहून फोंड्याची बस धरलीत की मंगेशी आणि पुढे म्हार्दोळची म्हाळसा याच रस्त्यावर. फोंड्याला उतरून कवळ्याची शांतादुर्गा, बांदोड्याचा नागेश. मंगेशीला सोमवारी पालखी असते, जमलं तर सोमवारची रजा टाका. दीपस्तंभ, तळी, चौकातल्या फरसबंद्या सगळं निवांत बघण्यासारखं आहे. देवळांत आखूड कपड्यांना मज्जाव आहे, हे बरोबरच्या तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा. चढ फार नाहीत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना जुन्या गोव्यापेक्षा हेच सोपं जातं.

१३. पणजीजवळ आंघोळीला चांगला समुद्र कुठला?

मिरामार फिरायला, पोहायला नाही. तिथे मांडवी समुद्राला मिळते आणि प्रवाह फसवा आहे. दोना पावलला तर धक्का आणि खडक, किनारा नाहीच. पाण्यात उतरायचं तर बसने कांदोळी किंवा कळंगूट. सकाळी लवकर गेलात तर कळंगूटसुद्धा बरं वाटतं. दृष्टी या कंपनीचे जीवरक्षक लाल झेंडा लावतात तिथे घोट्याभर पाण्याच्या पुढे जाऊ नका.

त्या भागात हातात स्क्रॅच कार्ड देऊन "बक्षीस लागलं" म्हणणारे भेटतील. ते क्लबची सदस्यता विकतात आणि तुमचे तीन तास खातात. हसून पुढे व्हा.

१४. स्वस्त आणि चांगलं खायचं काय? आणि शाकाहाऱ्यांचे हाल होतात का?

हाल होत नाहीत. गोव्याचा सकाळचा नाश्ताच मुळी शाकाहारी आहे. भाजी-पाव म्हणजे मुंबईची पावभाजी नव्हे. वाटीत पातळ भाजी किंवा मुगाची उसळ, वर सुकी बटाटा भाजी घालून मागितली की "मिक्स", सोबत ताजे पाव, एक मिरची भजी आणि चहा. बाजाराच्या आसपासच्या जुन्या हॉटेलांत साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं. बन्स मिळाले तर सोडू नका. उडुपी हॉटेलं आहेतच.

पाव मात्र पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा खा. सकाळी आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजवत तो गल्लीत येतो. मागच्या टोपलीत पोई, उंडे, काकणं. कोंडा लावलेली गरम पोई दोन बोटांनी उघडली की वाफ बाहेर येते, आणि मग लोणीसुद्धा लागत नाही.

दुपारी मासळीची थाळी : भात, हुमण (माशाचं कालवण), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), भाजी, सोलकढी आणि एक तळलेला तुकडा. साध्या खानावळीत दीडशे ते अडीचशे. तळलेला मासा वेगळा मागवताना दर विचारून घ्या. इसवण (सुरमई) आणि पापलेट "आजच्या भावाने" लावतात, बांगडा नेहमी परवडतो. रात्री गाड्यावर रोस ऑमलेट : ऑमलेटवर कोंबडीचा गरम रस, कांदा, लिंबू, पाव. रविवारी पणजीतली बरीच जुनी हॉटेलं बंद असतात, तेव्हा हे सगळं शनिवारी उरका.

१५. पावसाळ्यात आलो तर स्वस्त पडेल का?

खोल्या नक्की स्वस्त पडतात आणि गोवा सर्वांत देखणा तेव्हाच दिसतो. पण जून ते सप्टेंबर समुद्रात उतरणं बंद, शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) काढून ठेवलेले, वॉटर स्पोर्ट्स बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे थाळीतला तुकडा लहान होतो आणि भाव मोठा. सुकी मासळी, खाडीतलं नुस्तें (मासे) आणि श्रावणात शाकाहार यावर भागवायचं.

पावसातही जुनं गोवं, फोंड्याची देवळं आणि फेरीबोटी चालू असतात. साखळीच्या बसने हरवळ्याचा धबधबा आणि शेजारची लेणी बघता येतात. धबधब्याच्या डोहात उतरू नका, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डोहात माणसं जातात.

१६. कोणत्या तारखा टाळाव्यात?

नाताळ ते १ जानेवारी : दर दुप्पट-तिप्पट. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव : पणजीत खोली मिळत नाही. ३ डिसेंबरचं सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त : जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. कार्निव्हल आणि शिगमो (शिमगा) यांच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्ते बंद, पण तेच बघायला यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

अनेकांच्या लक्षात न येणारी तारीख म्हणजे चवथ, आपली गणेश चतुर्थी. मुंबई-पुण्यात तेव्हा रस्त्यावर उत्सव असतो. गोव्यात प्रत्येक जण मूळ घरी जातो. खानावळी बंद, बस कमी, बाजार सुनसान. ओळखीच्या घरी बोलावणं असेल तरच या. याउलट नरक चतुर्दशीची आदली रात्र पणजीत जरूर काढा. चौकाचौकात दोन मजली नरकासुर उभे असतात आणि बघायला एक पैसा लागत नाही.

१७. दूधसागर याच सहलीत बसवता येईल का?

कमी खर्चात नाही. पावसाळ्यानंतर कुळ्याहून जीप जातात, ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. माणशी खर्च आणि पणजीहून जाणं-येणं धरलं तर एक दिवस आणि बजेटचा मोठा वाटा तिथेच संपतो. पावसाळ्यात रुळांवरून चालत जाण्याचे व्हिडिओ बघून बेत आखू नका. त्याला बंदी आहे आणि रेल्वे पोलिस पकडून परत पाठवतात. पुणे-मिरजेकडे गोवा एक्सप्रेसने परतत असाल आणि उजेड असेल तर धबधबा खिडकीतूनच दिसतो, तिकिटाच्या पैशांत.

१८. परत जाताना दोन बाटल्या नेल्या तर चालतात ना? सगळेच नेतात.

सगळे नेतात आणि त्यांतले काही इन्सुली नाक्यावर उतरवले जातात. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातं बांदा-इन्सुली आणि आंबोलीच्या वाटेवर एसटीच्या बॅगाही उघडतं. वाचतात शेदोनशे रुपये आणि जीव टांगणीला. नेऊ नका. किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि काचेच्या बाटल्या टाकणं यालाही गोव्यात जबर दंड आहे.

घरी न्यायला आमसुलं, पोर्तुगीज पद्धतीचं बिबिंक, दोदोल किंवा जत्रेतली खाजी घ्या. काजू पणजीच्या बाजारात चव बघून सुटे घ्या, किनाऱ्यावरच्या रंगीत डब्यांतले नकोत.

१९. कॅसिनो नुसतं आत जाऊन बघता येतं का?

बोटीवरच्या कॅसिनोत आत जायलाच माणशी काही हजार लागतात. त्यात जेवण आणि खेळायचे थोडे टोकन असतात. या पानावरचा अख्खा हिशेब सहा हजारांचा आहे, तेव्हा उत्तर तुम्हीच काढा. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. रोषणाई काठावरूनही तेवढीच दिसते.

२०. रविवारी खोली सकाळीच सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळी. बॅगा घेऊन फिरायचं कसं?

लॉजवाले बॅग ठेवून घेतात. खोली ठरवतानाच विचारा, सोडताना नको. मडगाव स्टेशनवर सामान ठेवायची सोय आहे, पण पणजीत फिरणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

गाडी करमळीला थांबत असेल तर दुसरा मार्ग उत्तम : पाठीवरची एकेक छोटी बॅगच आणा, रविवारचा दिवस जुन्या गोव्यात काढा आणि तिथूनच स्टेशन गाठा. अंतर थोडं आहे, पण स्टेशनच्या दारापर्यंत बस क्वचितच जाते. पायलट जुन्या गोव्याच्या चौकातून आधीच ठरवून ठेवा, निदान गाडीच्या तासभर आधी, आणि दोघं असाल तर दोन पायलट लागतील. एक पायलट एकालाच नेतो. करमळीला खाण्याची ठिकाणं फारशी नाहीत, तेव्हा रात्रीसाठी पोई आणि सुकी भाजी पणजीतूनच बांधून घ्या.